काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधाला वास येतो, लेकरू पीत नाही: काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

आधी लक्षणं

"सिस्टर, दूध नासलंय" या एका वाक्यात निदान सहा वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. आपली कोणती ते आधी ठरवा, कारण प्रत्येकीचं कारण निराळं आणि उपायही निराळा.

- वर पिवळसर साय, खाली निळसर पाणी. फाटल्यासारखं दिसतं, पण वास नाही.
- साबणाच्या पाण्यासारखा किंवा लोखंडी वास. काढलं तेव्हा नव्हता, फ्रिजात राहिल्यावर आला.
- आंबूस वास, आणि हलवलं तरी न मोडणाऱ्या गुठळ्या.
- खवट वास, जुन्या तेलाला येतो तसा.
- वास-चव ठीक आहे, पण लेकरू तोंडच लावत नाही.
- फ्रीझरमधली पिशवी सकाळी मऊ लागते. किंवा आडवी, चपटी ठेवलेली पिशवी एका कोपऱ्यात गोळा होऊन गोठलेली दिसते.

पहिली तक्रार इथंच निकालात काढते. पॅकेटबंद दूध पुष्कळदा यंत्रातून एकजीव करून येतं, आईचं दूध तसं नसतं. ठेवलं की साय वर येणारच. बाटली हातात धरून हळूहळू गोल फिरवा, पुन्हा मिसळलं की झालं. रंगाचंही तेच. सुरुवातीचं दूध पातळ, निळसर असतं, शेवटचं दाट आणि पिवळसर. मेथी-पालक भरपूर खाल्ली तर हिरवट झाकही दिसते. म्हशीच्या दुधाच्या नजरेनं पाहिलं की यातलं सगळंच नासलेलं वाटतं.

मी लातुरात नवजात बाळांच्या कक्षात नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपवून शाळेत, बँकेत, अंगणवाडीत पुन्हा रुजू झालेल्या आयांचे फोन वर्षभर येतात, मार्च लागला की जास्त. माझं मत आधीच सांगून टाकते: दोष आईच्या दुधात क्वचित असतो. दूध अंगाबाहेर आल्यापासून लेकराच्या तोंडात जाईपर्यंतच्या वाटेत कुठंतरी थंडी सुटलेली असते. लसीची कोल्ड चेन असते ना, तसंच हे. मधली एक कडी निसटली की पुढचा फ्रिज कितीही भारी असला तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करा. नवा फ्रिज घ्यायचा विचार शेवटी, आणि "माझं दूधच वाईट" म्हणून डब्याचं दूध सुरू करायचा विचार तर त्याच्याही नंतर.

मापाला हाताशी असावेत म्हणून मुदतीचे आकडे. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी हे चालतात. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. फ्रिजात ४ अंशांला ४ दिवस. उणे १८ अंशांच्या खऱ्या फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम, १२ महिन्यांपर्यंत चालतं. फ्रीझरमधून काढून पूर्ण वितळलेलं दूध फ्रिजात २४ तास, बाहेर तास-दोन तास. ते पुन्हा गोठवायचं नाही. बाळानं तोंड लावलेलं, उष्टं उरलेलं, पाजणं संपल्यापासून २ तासांत संपवा नाहीतर टाकून द्या.

कमी दिवसांचं बाळ किंवा दवाखान्यात दाखल असलेलं बाळ असेल तर हे आकडे बाजूला ठेवा. त्या कक्षातल्या सिस्टर सांगतील तीच मुदत आणि तीच भांडी.

१. दोष दुधाचा की पाजण्याचा?

ही तपासणी फुकट आहे आणि कुणीच करत नाही. दूध आत्ता काढा आणि लगेच, त्याच वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, त्याच माणसाच्या हातून बाळाला द्या. लेकरू तेही घेत नसेल तर फ्रिजाचा काही संबंध नाही. त्याला अंगावरच प्यायचंय, नाहीतर चमचा नवा आहे, नाहीतर आईच्या पदराचा वास समोर असताना आजीच्या हातचं नकोय. अशा वेळी आईनं सरळ दुसऱ्या खोलीत जावं, लेकरू फार भुकेनं कळवळायच्या आधीच आजीनं पाजायला घ्यावं. कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा ही सवय लावलेली बरी.

ताजं मटामटा प्यालं आणि साठवलेलं नाकारलं, तर मात्र पुढं चला.

२. नाक, जीभ आणि तारीख

दूध स्वतः चाखा. आपलंच आहे, किळस कसली? ताजं दूध गोडसर लागतं. साठवलेलं साबणासारखं लागलं पण आंबट नसेल, तर ते नासलेलं नाही. त्याचं कारण खाली आठव्या तपासणीत आहे, तोवर ते ओतून देऊ नका. आंबट लागलं, गुठळ्या झाल्या, तर टाकून द्या आणि तिसरी ते सातवी तपासणी नीट वाचा. या दोन वासांत गल्लत झाली की आया महिनाभराचं चांगलं दूध मोरीत ओततात, आणि ते ऐकताना माझाही जीव तुटतो.

प्रत्येक डबीवर तारीख आणि वेळ लिहिलेली आहे का पाहा. नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं. कागदी चिकटपट्टी आणि बॉलपेन पुरतं. स्केचपेनची शाई ओलाव्यानं पसरते.

३. हात, पंप आणि पाणी

दूध ताजं असतानाच आंबूस वाटतं किंवा फ्रिजात दुसऱ्याच दिवशी बिघडतं, तेव्हा संशय दूध काढायच्या पंपावर घ्या. खात्री करायची युक्ती सोपी आहे. हात साबणानं धुवा, उकळून घेतलेल्या वाटीत थोडं दूध हातानं पिळून काढा, बाकीचं पंपानं. दोन्ही शेजारी शेजारी फ्रिजात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वास घ्या. हातानं काढलेलं ठीक आणि पंपाचं बिघडलेलं, म्हणजे चोर सापडला.

चोर बहुधा रबरी व्हॉल्व्हच्या दुमडीत बसलेला असतो. पंप वरवर विसळला तर तिथं दुधाचा चिकट थर राहतो. दर वेळी सगळे भाग सुटे करा, गरम पाण्यानं आणि साबणानं, बेसिनमध्ये नाही तर फक्त याच कामाच्या वेगळ्या पातेल्यात धुवा. स्वच्छ कपड्यावर हवेत वाळू द्या, फडक्यानं पुसू नका. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसातून एकदा सुटे भाग ५ मिनिटं उकळा. हवेच्या नळीत बुरशीचे काळे ठिपके दिसले तर ती धुवत बसू नका, नळी बदला.

पाण्याची आपल्याकडची गोष्ट वेगळीच. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, एरवी बोअर किंवा टँकर. बोअरच्या जड पाण्यानं व्हॉल्व्हवर क्षारांचा पांढरा थर धरतो, तो नीट बसत नाही, ओढ कमी होते आणि बाईला वाटतं दूध आटलं. शेवटचं विसळणं आणि उकळणं जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात करा, थोडक्या पाण्यात होतं.

खवट वासाची तक्रार असेल तरी इथंच थांबून बघा. लोह किंवा तांबं जास्त असलेल्या पाण्यानं दुधातले स्निग्ध पदार्थ लवकर खवट होतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात दूध काढू नका, ठेवू नका. माशाच्या तेलाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवून पाहा. घट्ट झाकणाची काचेची किंवा जाड, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची डबी चांगली. किराणाच्या पातळ पिशव्या नकोत, शिवणीतून गळतात.

४. घड्याळ आणि ऊन

इथं मराठवाड्याचा माणूस हमखास फसतो. "चार तास बाहेर चालतं" हे वाक्य सगळीकडं फिरतं, पण त्याच्या आधीचे "२५ अंशांपर्यंत" हे शब्द वाटेतच गळून पडतात. डिसेंबरात परभणीचा पारा १० च्या खाली जातो, तेव्हा ठीक. एप्रिल-मेत तोच पारा ४० ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात रात्री नऊलाही भिंत हाताला पोळते. त्या खोलीत चार तासांचा नियम लागूच नाही. कूलर लावलेली खोलीही दुपारी २५ वर येत नाही. मी उन्हाळ्यात एकच सांगते: काढलं की लगेच थंडाला लावा, मोकळ्यावर तासभरसुद्धा ठेवायची वेळ आणू नका.

"माठात ठेवलं तर?" हा प्रश्न दरवर्षी येतो. माठाचं पाणी जिभेला गार लागतं, पण ते ४ अंशांच्या जवळपासही नसतं. लाईट गेल्यावर तासभर आधार म्हणून डबी माठाच्या ओल्या अंगाला टेकवून ठेवली तर बाहेरच्यापेक्षा बरं, एवढंच. साठवण म्हणून नाही.

अप-डाऊन करणाऱ्या आयांसाठी: इन्सुलेटेड पिशवी आणि नीट गोठवलेले आइसपॅक घ्या. पॅक डबीला चिकटून असले पाहिजेत, पिशवी फक्त झाकलेली असून भागत नाही. असं दूध एरवी २४ तासांपर्यंत राहतं, पण मेच्या दुपारी एसटीत, खिडकीकडच्या उन्हात पॅक किती तग धरतील याची हमी नाही. घरी आल्यावर पॅक दाबून पाहा. आत अजून कडक बर्फ आहे तर दूध फ्रिजात ठेवा. सगळं पाणी झालं असेल आणि डबी हाताला गार लागत नसेल, तर तो डाव सोडून द्या.

आशाताई आणि एएनएम सिस्टरांना खास: आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजात, दूध ठेवू नका. मोह होतो, समजतं. पण त्यात लसीशिवाय काहीच ठेवायचं नसतं, आणि पुन्हा पुन्हा झाकण उघडलं तर नुकसान लसीचं होतं.

५. फ्रिज खरंच थंड आहे का?

"फ्रिज चालू आहे" आणि "फ्रिज ४ अंशांवर आहे" यांत फार अंतर आहे. खर्च न करता आधी एवढं बघा.

दूध दारातल्या कप्प्यात आहे का? घरातलं प्रत्येक माणूस पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडतं, आणि दर वेळी सर्वांत आधी तापतो तो दारातला कप्पा. दूध मधल्या फळीवर, अगदी मागं ठेवा. पाण्याच्या बाटल्या पुढं, म्हणजे काढताना दुधाला धक्का नाही.

बटण किती वर आहे? बहुतेक फ्रिजांत आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. हिवाळ्यात कमी केलेला आकडा उन्हाळ्यातही तसाच राहिलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय.

दाराचं रबर धरतं का? दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सरकून आली तर त्या जागी रबर सैल आहे. आधी रबर साबणाच्या पाण्यानं पुसा, पुष्कळदा लोणच्याचं तेल आणि पिठाची धूळच आड येते. पुसूनही नोट सुटत असेल तर रबर बदलून घ्या.

बर्फाच्या कप्प्यात बोटभर बर्फ साचलाय का? तो बर्फ थंडी वाढवत नाही, उलट अडवतो. एका दाराच्या फ्रिजात तो वितळवायचं बटण असतं. पण दाबण्याआधी दूध बाहेर काढून थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवा. कुणीतरी झोपण्याआधी ते बटण दाबून ठेवतं आणि आतल्या सगळ्या पिशव्या रात्रीतून वितळतात, हा प्रकार नेहमीचा आहे.

मग थर्मामीटर. फ्रिजाचा साधा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो आणि या सगळ्या यादीत पैसे वसूल करणारी वस्तू तीच. मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी दार उघडताक्षणी वाचा. ४ किंवा त्याहून कमी हवं. नुसत्या हवेतलं माप दार उघडताच उडी मारतं, म्हणून पाण्यात.

आता एक गोष्ट पटायला जड जाते: एका दाराच्या फ्रिजातला वरचा बर्फाचा कप्पा हा खरा फ्रीझर नव्हे. तो उणे १८ पर्यंत बहुधा जात नाही आणि फ्रिजाचं दार उघडलं की त्यालाही ऊब लागते. तिथल्या दुधावर दोन आठवड्यांपलीकडं भरवसा ठेवू नका. आइस्क्रीमचा कप ठेवून पाहा. दुसऱ्या दिवशी चमचा सहज घुसला तर तो कप्पा सहा महिन्यांच्या साठ्यासाठी नाही. वेगळ्या दाराचा फ्रीझर असेल तर दूध तळाशी आणि मागं ठेवा, आतल्या भिंतींना चिकटवून नको.

६. तुम्ही झोपलात तेव्हा लाईट गेली होती का?

गोठलेलं दूध बिघडण्याचं आपल्याकडचं हे सर्वांत मोठं कारण, आणि ते दिसत नाही. सकाळी उठाल तेव्हा फ्रिज घुरघुरत असतो, पिशव्या कडक असतात, सगळं जागच्या जागी.

त्यासाठी नाण्याची युक्ती. वाटीत पाणी गोठवा, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी दुधाशेजारी ठेवून द्या. नाणं वरच राहिलं तर बर्फ वितळला नाही. अर्ध्यात रुतलं तर अर्धवट वितळला होता. तळाला गेलं, तर सगळं पाणी होऊन पुन्हा गोठलंय, आणि शेजारच्या दुधाचंही तेच झालं असं धरून चाला.

औशाच्या एका शिक्षिकेच्या फ्रिजात मी हे डोळ्यांनी पाहिलं. पिशव्या आडव्या, चपट्या ठेवल्याचं ती शपथेवर सांगत होती. हातात घेतली तर दूध एका कोपऱ्यात मुठीएवढं गोळा होऊन गोठलेलं, उरलेली पिशवी रिकामी, सुरकुतलेली. त्या रात्री वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी नाणं तळाला चिकटलेलं, वर काचेसारखा साफ बर्फ. पहाटे घरातले सगळे गाढ झोपेत असताना गल्लीतली लाईट जात होती, आणि तिची सासू "दूधच पचायला जड आहे सूनबाई, लेकरू उगंच रडत नाही" म्हणत होती. साठा टाकावा लागला. नंतर तिनं गोठवणंच बंद केलं. रोज काढलेलं दुसऱ्या दिवशी संपवायचं, शुक्रवारचं सोमवारी. मागच्या फळीवर ४ अंशांत ते आरामात बसतं. लेकरू रोज आईजवळ असेल तर बहुतेक घरांत महिन्याचा साठा लागतच नाही.

लाईट गेली हे माहीत असेल तर पहिला नियम: दार उघडून बघत बसू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास थंडी धरतो. वेगळा डीप फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असेल तर ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. वरचा छोटा बर्फाचा कप्पा एवढं टिकत नाही.

लाईट आल्यावर पिशवी दाबून पाहा. आत बर्फाचे खडे असतील तर दूध पुन्हा गोठवता येतं. पूर्ण पातळ झालंय पण फ्रिजातल्यासारखं गारढोण आहे, तर फ्रिजात ठेवून २४ तासांत संपवा. कोमट झालंय, किंवा कधी वितळलं तेच माहीत नाही, तर टाका. चाखून ठरवू नका, जंतूंना सुरुवातीला चव नसते.

संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की बल्ब मिणमिणतो, फ्रिज गुंगगुंग करतो आणि टक् आवाज होऊन गप्प बसतो. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. स्टॅबिलायझर लावा. तो असूनही असंच होत असेल तर पुढं मेकॅनिकचं काम.

७. वितळवताना आणि गरम करताना

सगळं नीट साठवून शेवटच्या दहा मिनिटांत दूध बिघडवणारी घरं खूप. रात्री फ्रीझरमधून फ्रिजात काढून ठेवा, सकाळपर्यंत वितळतं. घाई असेल तर डबी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा. गॅसवर नको. मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच, डबी हाताला कोमट लागते आणि आतला एखादा घोट लेकराचं तोंड भाजेल इतका तापलेला असतो. खरं तर गरम करायचीही सक्ती नाही, पुष्कळ लेकरं गारच दूध आवडीनं पितात.

६० मिलीच्या आसपासचे छोटे वाटे करा, म्हणजे उष्टं वाया जात नाही. वर बोटाएवढी जागा सोडा, दूध गोठताना फुगतं. गोठलेल्या दुधावर ताजं कोमट दूध ओतू नका, आधी ते फ्रिजात गार करा. जुनं आधी वापरा.

८. साबणाचा वास: लायपेज

वरचं सगळं ठीक आहे, नाणं जागेवर आहे, थर्मामीटर ४ दाखवतो, तरी साबणाचा वास येतोच. आता दूधच बघू. आईच्या दुधात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्निग्धांश फोडून बाळाला पचायला मदत करतं. काही आयांच्या दुधात ते दूध ठेवल्यावरही जोरात काम करत राहतं, आणि फुटलेल्या स्निग्धांशाचा तो वास. फ्रिज आणि फ्रीझर त्याचा वेग कमी करतात, थांबवत नाहीत. हे दूध बाधत नाही. पुष्कळ लेकरं ते कुरकुर न करता पितात, काही ठाम नकार देतात.

किती वेळात वास सुटतो ते आधी मोजा. एकाच वेळचं दूध चार झाकणाच्या वाट्यांत घाला. एक लगेच चाखा, बाकीच्या ६, १२ आणि २४ तासांनी. वास २४ तासांनंतर येत असेल तर काही करू नका, त्याआधी पाजा. वास आलेलं दूध ताज्यात मिसळूनही बघा, चालून जातं. मोठा साठा करायच्या आधी दोन-तीन पिशव्या आठवडाभर गोठवून पारखून घ्या.

चार-सहा तासांतच वास सुटतो आणि लेकरू घेतच नाही, तेव्हाच तापवायचा उपाय. ताजं दूध, वास सुटण्याआधीच, छोट्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले, साधारण ८२ अंश, की उतरवा. उकळी येऊ देऊ नका. पातेलं लगेच बर्फाच्या पाण्यात धरून गार करा, मग डबीत भरा. एकदा वास आलेलं दूध तापवून सुधारत नाही. खवट दुधाला तर हा उपाय उलटा पडतो, तापवलं की वास वाढतो.

आता सासूबाई म्हणतील, "आम्ही तेच म्हणत होतो, तापवल्याबिगर दूध ठेवतात का कुठं?" त्यांचं म्हणणं म्हशीच्या दुधाला लागू आहे. आईचं दूध तापवलं की त्यातली रोगांशी लढणारी द्रव्यं काही प्रमाणात कमी होतात, म्हणून गरज नसताना तापवू नये. पण तापवलेलं दूध निकामी होतं असंही नाही. १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. अशा पेढ्यांमध्ये दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवूनच नाजूक बाळांना देतात. कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळासाठी मात्र घरी तापवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

फ्रिजाच्या बाबतीत: बटण पूर्ण वर, रबर ठीक, बर्फ काढलेला, व्होल्टेज बरोबर, आणि तरी दोन दिवस थर्मामीटर ४ च्या वर. गॅस कमी झालाय की थर्मोस्टॅट गेलाय ते मेकॅनिक बघेल. मागचा भाग स्वतः उघडू नका, साचलेला बर्फ सुरीनं खरवडू नका, एक टोचा लागला की गॅसची नळी फुटते. फ्रिजाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, दुधाचं नंतर बघू.

आईच्या बाबतीत: छातीचा एखादा भाग लाल, कडक, दुखरा झाला आणि सोबत ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध मात्र काढत राहा किंवा पाजत राहा, साचू देऊ नका. दुधात तांबूस झाक दिसली तर बहुधा भेगेतलं किंवा सुरुवातीच्या दिवसांतलं रक्त असतं, घाबरू नका पण दाखवा. दूध किंवा पंपाचे भाग भडक गुलाबी झाले तर तो जंतूचा रंग असू शकतो. ते दूध देणं थांबवा, डबी तशीच घेऊन दवाखान्यात जा.

बाळाच्या बाबतीत घरगुती तपासण्या करत वेळ घालवू नका. दिवसात सहापेक्षा कमी वेळा शू, वजन वाढत नाही, सतत उलट्या किंवा जुलाब, शौचात रक्त: बालरोगतज्ज्ञांकडं जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, अंग गार पडणं, ताजं दूधही न घेणं, सुस्त पडून राहणं, झटके, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा चालणारा श्वास: रात्र असो की अपरात्र, जवळच्या दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तिथं गेल्यावर बाळाला शेवटचं कोणतं दूध, किती आणि कधी दिलं ते सांगा, आणि त्या डबीत काही उरलं असेल तर ओतू नका, सोबत घ्या.